कुंकू लागलेलं बटण

आमच्या लॅबच्या सर्व्हरला समोर चालू-बंद करायचं एक छोटं बटण आहे आणि त्या बटणावर कुंकवाचा अंगठा उमटलेला आहे. झाडूपोछा करणाऱ्या मावशींना मी बजावून ठेवलंय, खोलीतलं बाकी सगळं चकाचक करा, पण तिथं फडकं लावायचं नाही. कुणी नवीन माणूस आला की विचारतोच, मॅडम, हे काय? मग मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं, आणि खरं सांगायचं तर मला ते सांगायला आवडतं.

लॅब परळची. एका धर्मादाय ट्रस्टची, रक्त-लघवी तपासायची, जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. कॉम्प्युटरचं सगळं मी बघते. सगळं म्हणजे अक्षरशः सगळं. प्रिंटरमध्ये कागद अडकला की मी, काउंटरवरची मुलगी पासवर्ड विसरली की मी, डॉक्टरांच्या स्क्रीनवर अक्षरं बारीक दिसायला लागली तरी मीच. आणि आतल्या काचेच्या खोलीत, गार हवेत बसलेला सर्व्हर तर माझाच. लॅबमधले सगळे रिपोर्ट त्याच्या पोटात. तो थांबला की लॅब थांबली.

त्याच्यावर लिनक्स चालतं. म्हणजे कॉम्प्युटर ज्याच्या जोरावर उठतो-बसतो ती मूळ यंत्रणा. हिची गंमत अशी की हिचा सगळा कोड उघडा असतो. कुणीही घ्यावा, वाचावा, बदलावा, कुणी अडवत नाही. पण आम्ही वापरतो ती आवृत्ती एक कंपनी नीट बांधून देते, तिच्यावर लक्ष ठेवते, दुरुस्त्या पाठवते आणि अडलं तर फोन उचलते. त्या सांभाळण्याची दर वर्षी वर्गणी भरायची. एवढी साधी गोष्ट आमच्या ट्रस्टच्या सेक्रेटरींना पटवताना माझ्या तोंडाला फेस यायचा. "फुकट मिळतं त्याची वर्गणी? मॅडम, ते तुम्हाला गंडवतायत की तुम्ही मला?" दर वर्षी तोच प्रश्न, त्याच सुरात.

शेवटी एकदा माझं डोकं सरकलं. मी म्हटलं, "साहेब, मालवणी मसाल्यात काय काय पडतं हे लालबागमध्ये कुणाला माहीत नाही? तरी उन्हाळा आला की सगळ्या बायका मिरच्या-धणे घेऊन दुकानातच कुटायला जातात ना? कारण तो माणूस रोज तेच करतो. आणि मसाला बिघडला तर दुसऱ्या दिवशी जाऊन त्याला जाब विचारता येतो." साहेबांनी जरा विचार केला. "आमची मिसेस घरीच कुटते," म्हणाले, आणि सही केली.

त्या वर्गणीत आम्हाला आणखी एक सोय मिळाली होती. महत्त्वाच्या बऱ्याचशा दुरुस्त्या चालू मशीनवरच बसायच्या, बंद करून परत सुरू करायची गरज नाही. मला त्याचा कोण अभिमान! शेजारच्या इमारतीतल्या ऑफिसात सारखं 'सिस्टीम डाऊन' चालायचं, आणि आमचा गडी वर्षानुवर्षं डोळा न मिटता उभा. मी सगळ्यांना ऐकवायची, आमचं मशीन बंद म्हणून होत नाही. आता आठवलं की स्वतःचंच हसू येतं.

आता बाबांकडे येते.

माझे बाबा गिरणीत साचेखात्यात होते. साचा म्हणजे कापड विणायचा माग. संप झाला तेव्हा मी आईच्या पोटात होते, त्यामुळे कामावर जाणारे बाबा मी पाहिलेच नाहीत. मी पाहिलेले बाबा म्हणजे वॉचमन बाबा, मग कुरिअरवाले बाबा, मग काळाचौकीच्या आमच्या चाळीच्या गॅलरीत पेपर घेऊन बसलेले बाबा. गिरणीबद्दल ते फार बोलायचे नाहीत. पण दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, त्यांच्या अंगात काहीतरी यायचं. गिरणीत त्या दिवशी साचे थांबवून, पुसून, तेलपाणी करून त्यांची पूजा व्हायची. गिरणी गेली, साचा गेला, पण ह्या माणसाचे हात त्या दिवशी शिवशिवायचे. घरातली शिलाई मशीन, आईचा मिक्सर, शेजाऱ्यांची स्कूटर, जे सापडेल त्याला हळदकुंकू.

मला लॅबमध्ये नोकरी लागली तेव्हा ते एकदा बघायला आले. काचेतून बराच वेळ सर्व्हरकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ह्याच्यार चलता तुझा पोट?" मी हो म्हटलं. त्या वर्षापासून खंडेनवमीला बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, झेंडूची माळ, आंब्याचा डहाळा आणि पेढ्याचा पुडा घेऊन काळाचौकीहून परळला चालत यायला लागले. सेक्रेटरींपासून मावशींपर्यंत सगळ्यांना पेढा. लॅबमध्ये त्यांची वाट बघायचे लोक.

माझे मात्र दर वर्षी प्राण कंठाशी. उदबत्ती लावायची नाही, धुराचा भोंगा बोंबलेल. नारळ बाहेर जिन्यावर फोडायचा. हळदकुंकू दाराच्या चौकटीला, मशीनला नाही, कारण आतले पंखे पूड ओढून घेतात. बाबा सगळं ऐकायचे, पण एका गोष्टीवर त्यांचं-माझं दर वर्षी वाजायचं.

"बंद कर गो जरा."

"बाबा, हे बंद नाही करत."

"चालत्या साच्याक कोण हळदकुंकू लावता? जॉबर बघीत तर कानाखाली वाजवीत."

जॉबर म्हणजे त्यांचा खात्यातला मुकादम. साचा चालू असताना पुसायला हात घातला आणि बोट गमावलं, अशी माणसं बाबांनी डोळ्यांनी पाहिलेली. त्यामुळे यंत्राला हात लावायचा तर आधी ते थांबवायचं, हे त्यांच्या हाडात होतं. मी म्हणायची, ह्याला बोट अडकवायला जागाच नाही. ते म्हणायचे, मग त्याका विश्रांती कधी? मी म्हणायची, त्याला विश्रांती लागत नाही. त्यावर ते माझ्याकडे असे बघायचे, जणू मी कुणाबद्दल तरी फार वाईट बोलले.

तर त्या खंडेनवमीला आम्ही दोघं आतल्या खोलीत. चौकटीला माळ बांधून झाली होती, बाबांच्या हातात कुंकवाची कुयरी. इतक्यात काउंटरवरून हाक आली, प्रिंटर रिपोर्ट अर्धेच छापतोय. मी म्हटलं, "बाबा, कशाला हात लावू नका हां, मी आलेच." आणि गेले.

प्रिंटरचं झाकण उघडून मी आत हात घातला होता, तेवढ्यात काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, सगळंच अडकलं." मागच्या टेबलावरून आवाज आला, "माझंही गेलं." रिपोर्ट न्यायला आलेली माणसं खुर्च्यांतून माना उंच करून बघायला लागली. प्रिंटर तसाच टाकून मी पळाले.

खोलीचं दार उघडलं आणि मला आधी कळेचना काय बदललंय. मग कळलं. आवाज नव्हता. त्या खोलीत कायम पंख्यांची घरघर असायची, इतकी कायमची की ती ऐकू यायची बंद झाली होती. आता नुसती शांतता, आणि त्यात बाबा हात जोडून, डोळे मिटून उभे. बटणावर ताजं कुंकू.

डोळे उघडून ते प्रसन्न हसले. "आता कसा शांत वाटता बघ."

"बाबा! काय केलंत तुम्ही हे!"

मी ओरडले. चांगलीच ओरडले. चौकटीवरची माळ हलली असेल. बाबांच्या चेहऱ्यावरचं हसू तिथंच विरलं. "पूजा झाली मा, आता चालू कर," ते हळूच म्हणाले. त्यांच्या लेखी ते तेवढंच होतं. साचा थांबवायचा, पूजा करायची, साचा सुरू करायचा.

मी बटण दाबलं. पंखे घरघरले. काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या ओळी धावायला लागल्या, आणि मी मनात म्हटलं, हुश्श, एवढंच ना. मग ओळी थांबल्या. मशीन कशाची तरी वाट बघत राहिलं. बराच वेळ वाट बघून त्यानं शेवटी सांगून टाकलं, एक डिस्क सापडत नाही, पुढे जाता येत नाही. मी परत बंद करून सुरू केलं. परत तिथंच.

डिस्क सापडत नाही म्हणजे कोणती? रिपोर्ट असलेली? बॅकअप होता, पण तो आदल्या रात्रीचा. सकाळपासून उपाशीपोटी येऊन रक्त देऊन गेलेल्यांचं काय? मी हे मशीन सांभाळायला शिकले होते, पण ते मुळात बसवलं होतं कुणा दुसऱ्यानेच. चुकीच्या ठिकाणी हात लागला तर असलेलंही घालवून बसेन, ह्या भीतीनं मी कीबोर्डपासून हात लांब धरून उभी.

मागे बाबा एका खोक्यावर बसले होते. कुयरी अजून हातात.

"काय झाला गो? होतली मा सुरू?"

माझा राग गेला नव्हता.

"तुका कामावरसून काढतले काय?"

"बाबा, जरा गप्प बसता का?"

मग ते, माझ्याशी नाही, त्या कुयरीशीच बोलावं तसं म्हणाले, "माझ्या हातान बंद केलेला परत सुरू होणा नाय."

मी वळून बघितलं. तेव्हा त्यांनी सांगितलं, जन्मात पहिल्यांदा सांगितलं. संपाच्या आदल्या दिवशी त्यांची पाळी संपली तेव्हा सगळे घाईनं बाहेर पडले. बाबा मागे राहिले. साचा थांबवला, पुसला, तेल घातलं. चार दिवसांत परत यायचं, गंज नको धरायला. निघताना त्याच्यावर हात ठेवून म्हणाले, "येतंय हां." परत त्या खात्यात त्यांना कधीच पाऊल टाकता आलं नाही. साचा भंगारात गेला असणार. कुठल्या भंगारवाल्याकडे, तेही माहीत नाही.

"आणि आज तुझोय बंद केलंय," ते म्हणाले. हातातली कुयरी कलली होती आणि कुंकू विजारीवर सांडत होतं.

मला एकदम वाटलं, देवा, लॅब गेली खड्ड्यात, नोकरी गेली खड्ड्यात, पण हे मशीन आज सुरू झालं पाहिजे. नाही झालं तर हा माणूस परत कुठल्याही यंत्राला हात लावणार नाही.

तेवढ्यात सेक्रेटरी आले. "कुणी बंद केलं?"

"मी," मी म्हटलं.

"खोटा बोलू नको गो," बाबा उभे राहिले. "मी केलंय, साहेब. सवयीन."

साहेबांनी माळेकडे बघितलं, बाबांच्या विजारीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. आणि म्हणाले, "मॅडम, ती वर्गणी भरतो आपण. ते फोन उचलतात ना?"

अरे हो की! घाबरलं माणूस की डोकं चालत नाही, ते हे असं. मी कंपनीच्या साइटवर 'सगळं काम ठप्प' अशी सर्वांत वरची तक्रार टाकली. पाणी प्यायला जाणार तोच फोन वाजला. पलीकडे एक इंजिनिअर. मी इंग्रजीत सांगायला सुरुवात केली. मध्येच त्यानं विचारलं, ह्याआधी कधी रीस्टार्ट केलं होतं? मी म्हटलं, आठवत नाही. पलीकडून अगदी हळू आवाजात आलं, "अरे देवा."

"तुम्ही मराठी?" मी म्हटलं, आणि माझ्या खांद्यावरचं अर्धं ओझं तिथंच उतरलं. फोन स्पीकरवर टाकला. तो एकेक सांगत गेला, मी करत गेले. कुठं घाई नाही, कुठं 'तुम्ही हे असं का केलंत' नाही. आधी त्यानं मला फक्त बघायला लावलं. काही बदलायचं नाही, ताई, फक्त बघायचं. रिपोर्टची डिस्क जागेवर होती. आतले रिपोर्ट जागेवर होते, अगदी त्या सकाळचेसुद्धा.

"आहेत," मी म्हटलं. "सगळे आहेत."

"मग घाबरू नका. बॅकअपसाठी एखादी वेगळी पेटी होती का तुमच्याकडे? जुनी?"

होती. कधीच बिघडून भंगारात गेली होती. तो हसला. म्हणाला, मशीन उठताना हजेरी घेतं, अमुक डिस्क आली का, तमुक डिस्क आली का. त्या हजेरीत जुन्या पेटीचं नाव कुणी काढलंच नाही. मशीन कधी बंद झालं नाही, म्हणून कधी हजेरी झाली नाही, म्हणून कुणाला कळलं नाही. आज हजेरी झाली आणि ते बिचारं त्या पेटीची वाट बघत बसलंय.

"म्हंजे मस्टरवर नाव, आणि माणूस गावाक," मागून बाबा म्हणाले.

"अगदी तसंच, काका," फोनमधून उत्तर आलं.

त्या ओळीच्या आधी एक चिन्ह टाकायचं होतं, म्हणजे मशीन ती ओळ सोडून पुढे जातं. एक चिन्ह. ते टाकताना माझं बोट दोनदा चुकीच्या कळीवर गेलं. मग त्यानं सगळं परत वाचून घेतलं आणि म्हणाला, करा सुरू.

पंखे सुरुवातीला मोठ्यानं ओरडतात, तसे ओरडले. ओळी धावल्या. मघाच्या जागी आल्या. साहेबांनी माळेतलं एक फूल उगाच कुस्करलं. ओळी थांबल्या नाहीत. पुढे गेल्या, पुढे गेल्या, आणि नाव-पासवर्ड विचारणारी ती ओळखीची ओळ आली. बाहेरून काउंटरवरची मुलगी किंचाळली, "आलं! मॅडम, आलं!"

माझा जीव भांड्यात पडला. खुर्चीत बसले आणि सरळ रडायला लागले. साहेबांसमोर, फोन चालू असताना, लाज न बाळगता रडले.

फोनवरचा इंजिनिअर म्हणाला, "ताई, खरं सांगू का? आज बंद झालं ते बरंच झालं. तुम्ही समोर होता, दिवसाउजेडी होतं. हेच एखाद्या दिवशी तुम्ही गावाला असताना लाइट जाऊन झालं असतं तर? चालू मशीनवर दुरुस्त्या बसतात हे चांगलंच आहे, पण त्याला उठता येतंय का, तेही अधूनमधून बघायला लागतं. वर्षातून एकदा तरी ठरवून बंद करून सुरू करत जा."

मी बाबांकडे बघितलं. मला वाटलं, आता हे म्हणणार, बघ, सांगत होतो. नाही म्हणाले. "माका काय म्हायत," एवढंच पुटपुटले. मग फोनजवळ वाकून त्यांनी विचारलं, "बाळा, तू खंयचो?"

"साताऱ्याचा, काका."

"घाटावरचो," बाबा मला म्हणाले, "पण चांगलो आसा."

साहेबांनी जाताना माझ्या कानाशी येऊन विचारलंच, "ह्या फोनचे वेगळे नाही ना पडत?" नाही म्हटल्यावर त्यांनी स्वतः सगळ्यांना पेढे वाटले. बाबांना दोन दिले. त्या वर्षीपासून वर्गणीच्या कागदावर ते न विचारता सही करतात.

पण घरी गेल्यावर बाबांनी कुयरी देवळीत मागे सारून ठेवली. पुढच्या वर्षी खंडेनवमी जवळ आली तरी झेंडूचं नाव नाही. मी विचारलं तर म्हणाले, गुडघे दुखतात. मी म्हटलं, टॅक्सी करू. म्हणाले, बघू. मग मी सरळ सांगितलं, "बाबा, ह्या वर्षी मी लॅबची परवानगी काढलीय. सकाळी काउंटर उघडायच्या आधी मशीन बंद करायचंय. ठरवून. डॉक्टरांना सांगून झालंय, बॅकअप घेऊन झालाय. पूजेला माणूस नको का?"

आले. इस्त्रीचा शर्ट, माळ, पेढे, सगळं. खोलीत आम्ही दोघंच. मी म्हटलं, "घ्या, दाबा बटण."

त्यांनी मान हलवली. हात मागे बांधले.

"बंद तू कर गो," म्हणाले. "सुरू मी करतंय."

मी बंद केलं. पंखे थांबले. बाबांनी बटण तेवढं सोडून कपड्यानं मशीन पुसलं, कडेकोपरे काढून, घाई न करता. पूड उडू नये म्हणून ओल्या बोटानं हळद लावली, कुंकू लावलं, हात जोडले. मग अंगठा कुंकवात बुडवला आणि मागच्या वर्षीच्या फिकट ठशावर बरोबर ठेवून बटण दाबलं. पंखे ओरडले, ओळी धावल्या, हजेरी झाली, मशीन उठलं. बाबांनी त्याच्या पत्र्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. "चलता," ते म्हणाले. "चलता गो."

मग बाहेर जाऊन त्यांनी पेढे वाटले.